शेवटच्या कडव्याचं रिझोल्यूशन

आत्याच्या नातीची हळद आठवड्यावर आली आणि आत्याला गाण्याचं शेवटचं कडवं आठवेना. आमच्या घरात हळदीचं गाणं सर्वांत वडील बाई एकटी म्हणते. तिचं शेवटचं कडवं संपल्याशिवाय नवरीला कोणी बोट लावत नाही. आजीच्या माघारी हा मान आत्याकडे आला. गाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. तंजावुरात आम्ही मराठी बोलतो आणि तमिळ वाचतो. मधल्या मध्ये बरंच काही हवेवर राहतं.

सुदैवाने आत्याच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट होती, तिची पुढे डीव्हीडी झाली होती, आणि तिच्यात आजी गात होती. तंजावुरजवळच्या पापनाशमला राहणाऱ्या आत्याकडे मात्र फक्त फोन. तेव्हा व्हिडिओ फोनजोगा करायचं काम माझ्याकडे आलं. ज्याच्याकडे लॅपटॉप तो इंजिनियर, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे.

काका, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, खुर्ची ओढून शेजारी बसले. आमचे पूर्वज राजवाड्यात नेमकं काय करत होते हे कोणालाच ठाऊक नाही, पण काकांच्या बोलण्यात त्यांना दरवर्षी बढती मिळते.

"यात सगळ्यात मोठं कुठलं?"

"४के. पण मूळ चित्रच धूसर आहे, काका. मोठं केलं तर धूसरपणा मोठा होईल."

"आपल्या घरचं लग्न आहे. मोठंच कर."

केलं. लॅपटॉप दुपारभर धापा टाकत होता. तयार झालेली फाइल आत्याच्या फोनमध्ये मावेना. तिथली निम्मी जागा नातेवाइकांनी पाठवलेल्या सुप्रभातच्या गुलाबांनी अडवली होती. काका जेवायला उठल्यावर मी चित्र सर्वांत लहान ठेवलं आणि आवाज भरपूर. गाणं ऐकायचं असतं, बघायचं काय त्यात? ही फाइल गेली, आणि संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"काकाला दे."

मी स्पीकर लावला. काका म्हणाले, "काय अक्का?"

"शेवटच्या कडव्यावर तू ओरडतोयस. 'पायसम कुठंय? पायसम आणा!' आईचा शब्द ऐकू येत नाही."

"तो मी नव्हे."

"दुसऱ्या कोणाला खिरीची एवढी काळजी?"

मी आवाज स्वच्छ करून पाहिला. आजी पुसली गेली, काका राहिले.

कडव्यात नवरीला पाणी घालतात एवढं आत्याला आठवत होतं. कुठलं पाणी, तिथे सगळं अडलं होतं.

"कृष्णेचं," काकांनी निकाल दिला. "आपण तिकडून आलो."

"तू कधी गेलायस तिकडे?" आत्या म्हणाली. मग मला म्हणाली, "अगं, आईचे ओठ दिसतील असं काही कर."

हे मला सुचायला हवं होतं. पाहुणे बसलेले असताना आजी स्वयंपाकघराच्या दारातून नुसत्या ओठांनी हुकूम सोडायची. दूध संपलंय, कॉफी बेतानं. आत्याचं सारं बालपण ते ओठ वाचण्यात गेलं होतं.

मी फक्त शेवटचं कडवं कापून घेतलं. ४के नाही, लहानही नाही. डीव्हीडीवर होतं तेवढंच. भोवतीची गर्दी छाटून आजीचा चेहरा तेवढा ठेवला. आवाज मुद्दाम काढून टाकला. एवढासा तुकडा कुठल्याही फोनमध्ये मावला असता, पण काकांना स्वतः हजर राहायचं होतं, म्हणून रविवारी आम्ही बसने पापनाशमला गेलो.

आत्याने फोन नाकाजवळ धरला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिचे ओठ आजीबरोबर हलायला लागले.

"विहिरीचं," ती म्हणाली.

"काय?" काका.

"विहिरीचं पाणी. परसातल्या विहिरीचं." आणि फोन खाली ठेवून तिने शेवटचं कडवं सरळ म्हणून टाकलं, मध्ये कुठेही न थांबता.

"विहिरीचं कसं असेल?" काका खरोखरच दुखावले होते.

"घरात विहीर होती. कृष्णेवर कोण जाणार होतं, तू?"

हळदीच्या दिवशी मंडपात बोअरचं पाणी होतं. आत्या पाटाशेजारी बसून गायली, आणि या वेळी गाणं कॅमेऱ्यात मी टिपत होते. शेवटचं कडवं आलं तेव्हा मी कॅमेऱ्याकडे नाही, काकांकडे पाहिलं. ते पंगतीच्या खोलीच्या दारात उभे होते, आणि आतून पायसम विचारायला आलेल्या माणसाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होते.