कॅरियरच्या टोकाचा लाल लाइट

सायकलच्या मागे लाइट लावायची मला हौस होती म्हणून मी ही खटपट केली, असं कोणी समजू नये. शेजाऱ्याच्या सायकलला लाइट होता, तो बेसा रोडच्या वळणापासून दिसत होता आणि आमच्या घरात उठता-बसता त्याचंच कौतुक चाललं होतं. खरं कारण ते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सजवून लिहिणं जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

शेजारी म्हणजे परका नाही. आम्ही दोघं एकाच हातमागावर बसायचो. करवतीसारख्या दातांच्या किनारीची साडी एकट्यानं होत नाही, मागावर दोन माणसं लागतात. मधलं अंग मी विणायचो, किनार तो विणायचा. आता सांगा, बाई दुकानात साडी घेते तेव्हा काय पाहते? किनार पाहते. मधलं अंग तिच्या अंगावर आयुष्यभर राहतं, पण कोणी त्याला बोट लावून वाहवा करत नाही. आमच्या शेठनं साडी उलगडली की बोट किनारीवरून फिरवायचा आणि त्याच्याकडे पाहून मान हलवायचा. मी बाजूलाच उभा असायचो. लग्नात माझ्या बायकोनं जी साडी नेसली तिची किनारही त्याचीच. अजूनही ती पेटीतून काढली की म्हणते, "भाऊजींचा हात पाहा." अंग कोणी विणलं, हे तिला आजतागायत विचारावंसं वाटलं नाही.

माग गेले, दोघंही दुसऱ्या कामांना लागलो, म्हातारे झालो. मला वाटलं, सुटलो. तर दोघांच्या पोरांनी हुडकेश्वरला प्लॉट घेतले, ते भिंतीला भिंत लागून. आता त्याचं खोकणंही मला माझ्या खाटेवर ऐकू येतं.

रोज पहाटे मी सायकलनं बेसाच्या पलीकडे एका गोठ्यावर दूध आणायला जातो. पाकिटाचं दूध घरातल्यांना चालतं, मला चालत नाही. खरं तर दुधाचंही निमित्तच. घरात सगळं सुनेच्या आणि मुलाच्या हातात आहे, टीव्हीचा रिमोटसुद्धा. तेवढा दीड तास मात्र माझा. सायकल माझी, रस्ता माझा, कोणाला विचारून जायचं नाही.

मागच्या थंडीत एका पहाटे धुकं असं पडलं की स्वतःचं हँडल दिसेना. मागून एक टेम्पो आला आणि दुधाच्या कॅनला घासून गेला. कॅन नालीत, मी रस्त्याच्या कडेला, कोपर सोललं. टेम्पोवाला थांबला, उतरला, म्हणाला, "बाबा, मागं काहीच दिसत नाही तुमचं. मी काय करू?" त्याची चूक नव्हती, हे मी घरी सांगायला नको होतं. सांगितलं.

मुलानं चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, रविवारपर्यंत मागं लाइट लागला तर ठीक. नाही लागला तर सोमवारी सायकल भंगारवाल्याले देतो. मी मजाक करून नाही राहिलो."

"देशील कसा? माझी सायकल हाय."

"हाड मोडलं तर दवाखान्यात कोण धावन?"

मग सून बोलली, चांगल्या मनानं बोलली, म्हणून जास्त लागलं. "मामाजी, बाजूच्या बाबाजींनं किती मस्त लावला हाय. त्याइले सांगा न, पाच मिनटात लावून देतील."

त्या क्षणी मी ठरवलं, सायकल भंगारात गेली तरी चालेल, त्याला सांगणार नाही.

लाइट मुलानंच आणून दिला. सेलवाला, सुपारीच्या डबीएवढा, बटण दाबलं की लाल. पण तो कॅरियरला धरून ठेवायची पट्टी त्याच्यासोबत नव्हती, ती वेगळी घ्यावी लागते म्हणे. मुलगा म्हणाला, तीही आणतो. मी नको म्हणालो. दोन बोटांच्या प्लास्टिकसाठी दुकान गाठायचं, तर जन्मभर हात कशाला चालवले?

पहिला उपाय मला झोपेतही सुचला असता. सूत. जुन्या पिशवीत थोडं सूत होतं, ते चौपदरी केलं आणि त्याला भाताच्या पेजेची खळ दिली. मागावरच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना देतात तशी, धागा वाळला की कडक होतो. दुपारभर उन्हात वाळवलं. मग लाइट कॅरियरच्या मागच्या दांडीला बांधला, वर आमची विणकरी गाठ मारली. वाळलेलं सूत तारेसारखं वाजत होतं. मी लाइट हलवून पाहिला, तसूभर हलला नाही. बायकोला बोलावून दाखवला.

"बरा हाय," ती म्हणाली. बरा.

बुधवारी पहाटे निघालो. शेजारीही निघाला, त्यालाही तेच दूध लागतं. मी पुढे, तो मागे. अर्ध्या वाटेत त्यानं आवाज दिला, "अरे, तुझा लाइट मान टाकून राहिला गा."

"तुले धुक्यात काय दिसते?"

"तेच तर. लाल उजेड रस्त्यावर पडून राहिला. टेम्पोवाल्याले तुझा रस्ता दिसन, तू नाही दिसणार."

उतरून पाहिलं. दवानं खळ भिजली होती. खळ भिजली की पुन्हा पेजच होते. सूत मऊ पडलं होतं आणि लाइट मडगार्डाकडे तोंड करून लटकत होता. आयुष्यभर खळ दिली, पण माग छपराखाली असायचा. मागावर दव कधी पडलंच नाही, मग हे सुचणार कुठून? तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं नुसती मान हलवली, शेठ हलवायचा तशी, आणि त्याचा लाइट पुढे नेला. गोठ्यापर्यंत मला तोच दिसत होता. स्थिर, सरळ, लाल. कुठंच हलत नव्हता.

दुसरा उपाय ट्यूबचा. पंक्चरवाल्याकडे फाटकी ट्यूब मिळते, तो पैसेही घेत नाही. तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, लाइटला दोन फेरे, दांडीला तीन फेरे आणि शेवट आत खोचला. रबर दवाला भीत नाही. हा उपाय मी आजही कोणालाही सांगीन, चांगला आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं, जे माझ्या लक्षात नव्हतं. कॅरियरवर दुधाच्या कॅनची पिशवी आडवी टाकली की तिचा घोळ मागे लोंबतो. रिकाम्या सायकलवर लाइट झकास दिसत होता. दूध घेऊन परतताना त्याच्यावर पिशवीचा पडदा होता. टेम्पो आला असता तर मागूनच आला असता, आणि त्याला पिशवी दिसली असती.

हेही मला त्यानंच सांगितलं. गुरुवारी, भर चौकात, चार माणसांसमोर. "पिशवी वर घे गा, तुझा लाइट झाकून राहिली."

शुक्रवारी मी दूध आणायला गेलोच नाही. पाय दुखतो म्हणालो. घरात पाकिटाचं दूध आलं. सुनेनं त्याचा चहा केला, मुलानं पिऊन माझ्याकडे पाहिलं. मला दिसत होतं की त्याच्या डोक्यात सोमवार आहे.

शनिवारी दुपारी सायकल अंगणात उभी करून मी नुसता बसलो होतो. भिंतीपलीकडून त्याचं डोकं वर आलं. हातात भुईमुगाच्या शेंगा.

"मागचं ते सूत सोड," तो म्हणाला.

"कोणतं?"

"कॅरियरच्या टोकाले गुंडाळलेलं. त्याच्या खाली पत्रा हाय, पत्र्यात भोक हाय. तिथी बोल्ट बसते. पिशवी तिथपर्यंत लोंबत नाही."

माझ्या कॅरियरच्या टोकाला सुताची जाड गुंडाळी होती, हे खरं. इतकी वर्षं होती की मला ती कॅरियरचाच भाग वाटायची. मागाच्या दिवसांत आम्ही विणलेल्या साड्या कॅरियरवर टाकून शेठच्या पेढीवर न्यायचो. लोखंडाच्या टोकात धागा अडकला तर साडी वाया, म्हणून सगळे विणकर कॅरियरला उरलेलं सूत गुंडाळायचे. माझ्या कॅरियरला ते त्यानंच गुंडाळलं होतं.

"भोक तुले कसं माहीत?"

"तिथी लाल काच होती. तिच्यातच साडीचा धागा अडकला होता एकदा. तू काच उपटून फेकून राहिला होता. मी घेतली."

"घेतली म्हणजे?"

"माझ्या सायकलले लावली. लई दिवस होती. मागून उजेड पडला की चमके." एक शेंग फोडून त्यानं दाणे तोंडात टाकले. "तिच्याच भोकात आता माझा लाइट बसवला हाय. डब्याच्या झाकणाचा तुकडा, ट्यूबचा वायसर आणि कुकरच्या मुठीचा बोल्ट. बस."

म्हणजे माझी लाल काच इतकी वर्षं त्याच्या मागे चमकत होती, आणि मी तिच्या मागून सायकल चालवत होतो. मला आठवतही नव्हतं. त्याला आठवत होतं. मी त्याला म्हणालो, "बरं," आणि सूत सोडायला घेतलं.

बायको कात्री घेऊन आली. मी परत पाठवली. विणलेलं कापावं लागतं, बांधलेलं नाही, ते सोडवायचं असतं. पण गाठ काही सुटेना. नखं लावली, दाभण लावलं, दात लावले. भिंतीवरचं डोकं पाहत होतं.

"उलटं फिरव," तो म्हणाला.

मी सुलटंच फिरवलं.

"अरे, मी डावरा हाय. माझा पीळ उलटा. किती वर्षं बसला गा माझ्या बाजूले?"

हे मला माहीत होतं. त्याचा धोटा, आडवा धागा नेणारा, डाव्या हातानं यायचा, त्याला सगळं उलटं जमायचं आणि सगळं सुंदर जमायचं. पण तो पाहत असताना उलटं फिरवायचं नाही, हे मी ठरवलं होतं. ऊन भिंतीवरून उतरलं. शेवटी घरातून त्याला चहाला हाक आली आणि डोकं खाली गेलं. मी लगेच दाभण उलट्या बाजूनं घातलं, दोन वेढे फिरवले. गाठ लोण्यासारखी सुटली. खाली पत्रा होता, गंज नव्हता, आणि मधोमध भोक. सुतानं इतकी वर्षं पत्र्याला हवा लागू दिली नव्हती. आतलं सूतही पांढरं होतं, जसं त्या दिवशी गुंडाळलं तसं. हे काम माझ्या हातून इतकं टिकलं असतं का, हा विचार मनात आला. मी तो पुढे जाऊ दिला नाही.

जुन्या कुकरच्या मुठीचा बोल्ट माझ्याकडेही होता. डब्याचं झाकण मात्र मी घेतलं नाही, ते त्याचं होतं. मी खोबरेल तेलाच्या बाटलीचं बूच घेतलं, तापलेल्या सळईनं मधून भोक पाडलं. लाइटच्या मागच्या झाकणालाही पाडलं, सेलांना धक्का न लावता. मध्ये ट्यूबच्या दोन चकत्या, मग पान्यानं आवळलं. बसवायला विकतचं काहीच नाही. हलवून पाहिला. सुताच्या वेळी हलला नव्हता म्हणून मी फसलो होतो, तेव्हा या वेळी वरून तांब्याभर पाणी टाकलं आणि मग हलवून पाहिला. कॅनची पिशवी आडवी टाकून पाहिली. लाइट मोकळा.

रविवारी संध्याकाळी मुलानं मला सायकलवर बसवून रस्त्यानं पाठवलं आणि स्वतः चौकात उभा राहिला. परत आलो तर तो म्हणाला, "दिसते बाबा. मस्त दिसते." सायकल वाचली. सून दारात उभी होती, तिनंही होकार दिला. आणि बायको, जिच्यासाठी हे सगळं, कौतुकानं म्हणाली, "अवो, सेम भाऊजींच्यासारखा झाला."

मी त्या रात्री जेवताना भाजी दुसऱ्यांदा मागितली नाही.

सोमवारी पहाटे फाटक उघडलं तर तो सायकल धरून रस्त्यावर उभा होता. रोज तो थांबत नाही, त्या दिवशी थांबला होता. म्हणाला, "चल, तू हो पुढं."

नाही तरी मी पुढेच होणार होतो. बटण दाबलं आणि निघालो. धुकं होतंच. एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण त्याच्या चेनचा आवाज येत होता. म्हणजे तो मागे होता, आणि त्याच्यासमोर माझा लाइट होता, गोठ्यापर्यंतचा सगळा रस्ता. दुसरं पाहायला धुक्यात काही नव्हतंच. मी मुद्दाम सावकाश चालवत होतो.

गोठ्यावर उतरलो. तो स्टँड लावून माझ्या सायकलच्या मागे गेला, वाकला, बुचाला बोट लावलं, बोल्ट पाहिला. मी दुसरीकडे पाहत उभा राहिलो.

"चांगला बसला हाय," तो म्हणाला. मग मान थोडी तिरपी केली. "जरासा डावीकडं झुकला हाय फक्त."

घरी येऊन पाहिलं. झुकला आहे. तांदळाच्या दाण्याएवढा. पाना घेऊन अर्धा वेढा दिला की सरळ होईल, एवढंच काम आहे. मी केलेलं नाही. केलं तर दुसऱ्या दिवशी मागून येताना त्याला कळेल.