सीडी मारायची परवानगी

राळेगावात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. कोर्टाची कामं असणारे लोक अजूनही सीडी मागतात, म्हणून एक जुना कॉम्प्युटर खास त्यासाठी ठेवलाय. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं ते फुकट मिळतं म्हणून; लोकांना मात्र व्हायरस लागत नाही असं सांगतो. सीडी मारायला गेलं की ते मशीन रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा, पासवर्ड मागायचं. तो फक्त मला ठाऊक होता.

दुकान खरं तर बायकोच सांभाळते. मी बहुतेक वेळ समोरच्या चहाच्या टपरीवर. सीडीचं गिऱ्हाईक आलं की तिचा फोन यायचा. मग मी सावकाश जायचो, लोकांना जरा सरकायला लावायचो, पासवर्ड टाकायचो. सेटिंगमध्ये तिच्या नावापुढे एकदा खूण केली असती तर ही कटकट कायमची मिटली असती. ती तसं म्हणालीही होती. मी सुरक्षेचं कारण पुढे केलं. खरं म्हणजे, मग मला दुकानात विचारलं कोणी असतं?

परवा मी यवतमाळला गेलो होतो. तिचा फोन आला. तांड्यावरची एक बाई आली होती, सकाळी कोर्टात तारीख, आणि गावाकडची शेवटची एसटी सुटायला आलेली. मी म्हटलं, थांबव तिला, निघालोच. फोनवर पासवर्ड सांगता आला असता. नाही सांगितला. गाडी पिटाळत आलो तर बाई सीडी घेऊन गेलेलीसुद्धा.

मी सेटिंग उघडली. बायकोच्या नावापुढे खूण होती.

"हे कधी केलं तू?"

"लय दिवस झाले. दोन बोटानं पासवर्ड टाकता तुम्ही, अख्ख्या दुकानाले दिसते."

"पण मशीन तर मले दरवेळी पासवर्ड मागे."

"तुम्ही यायच्या आधी खूण काढून टाकत होती मी. आज घाईत राहून गेली."

"अन् मले फोन कायले करत होती मग?"

ती झेरॉक्सचे कागद जुळवत राहिली. "लोकं बसले राहतात समोर," ती म्हणाली. "तुमाले बरं वाटते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. लाजेनं मला तिच्याकडे पाहवेना. कोणाचाही फोन आलेला नसताना मी मोबाईल कानाला लावला आणि हो हो करत दुकानाबाहेर पडलो.