येलदरीच्या पाण्यावर विमान

मला मोठ्या विमानांचं कौतुक कधीच नव्हतं. धावपट्टी पाहिजे, टॉवर पाहिजे, शंभर परवानग्या पाहिजेत. एवढे नखरे करून उतरायचं कुठं, तर पुन्हा तसल्याच एका धावपट्टीवर. माझा जीव जडला तो चाकांच्या जागी दोन होड्या लावलेल्या चिमुकल्या विमानावर. नदी दिसली, उतरा. तळं दिसलं, उतरा. आमच्या परभणीत विमान म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट, आणि मी मात्र रोज दुपारी एक विमान पाण्यावर उतरवत होते. तेही डोक्यावर पदर घेऊन.

नव्वदच्या आगंमागंची गोष्ट. घराच्या पुढच्या खोलीत आमचा कॉम्प्युटर क्लास होता. यंत्रं दोन, रंगीत पडदा एकालाच. नवरा कॉलेजात शिकवायचा, क्लास मी सांभाळायचे. पुण्याच्या मैत्रिणीनं विमानाच्या खेळाची फ्लॉपी दिली आणि माझी दुपारची झोप कायमची गेली. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात बंद असला की क्लासला कुणी फिरकायचं नाही. त्या दिवशी तर मी जेवण विसरून उडायचे.

पाण्यावर उतरणं सोपं नसतं बरं का. पडद्यावरचं पाणी सगळं एकसारखं निळं, त्यामुळं आपण किती उंचावर आहोत ते डोळ्यांना कळतच नाही. काट्यांवर नजर ठेवून, नाक जरा वर धरून, हळूहळू खाली यायचं. जरा लक्ष हटलं की बुडालो.

आणि लक्ष हटायचंच, कारण मामंजी. म्हणजे माझे सासरे. सासऱ्यांसमोर सून खुर्चीत बसत नाही, हा आमच्या घरचा कायदा. ते बिचारे दारात खाकरून मगच आत यायचे. पण खाकरलं की मी ताडकन उभी, हात पदराला, आणि विमान नाकावर पाण्यात! मामंजी कोपऱ्यातला पेपर घ्यायचे आणि शांतपणे निघून जायचे. मी मागं दातओठ खात बसायचे.

एकदा मात्र ते थांबले. बुडालेल्या विमानाकडं बघत म्हणाले, "सूनबाई, हे तुझं विमान रोजच पडायलंय. काय बिघाड हाय का?"

माझं डोकं फिरलेलंच होतं. "बिघाड कसला, मामंजी? तुमी येता, मी उठते, ते पडतं!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आत सासूबाईंच्या हातातलं ताट खणकन वाजलं. पण मामंजींच्या मिशीत हसू फुटलं. "मग उठू नको की. बसून चालव." एवढं म्हणून त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की पुढच्या दोन वेळा मी न उठताही विमान बुडवलं.

तिसऱ्या वेळी नीट उतरलं. दोन्ही होड्या पाण्याला लागल्या, मागं पांढऱ्या रेघा उमटल्या. मामंजी पुढं वाकले. "पाण्यावर उतरलं? कुठल्याबी पाण्यावर उतरतंय का हे?"

"कुठल्याही. तळं मला पाहिजे तसं काढतापण येतं."

"मग येलदरी काढ."

एवढंच म्हणाले आणि उठून गेले. संध्याकाळी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं. मामंजींचं गाव येलदरीच्या धरणात गेलं. पाणी चढायला लागल्यावर बैलगाड्या भरून सगळे इकडं परभणीजवळ पिंगळीला आले. त्यानंतर मामंजींनी धरणाकडं पाय टाकला नाही. भावकीनं सहली काढल्या, लोक भिंतीवर उभं राहून फोटो काढून आले, हे घरीच. "मनात लय हाय त्येंच्या," सासूबाई म्हणाल्या, "पण जीव धजत न्हाई. आता तूच दाखव, माय. पण जपून."

येलदरी काढ म्हणाले तेव्हा मला चेष्टा वाटली होती.  आता मात्र विमान बुडवून चालणार नव्हतं.

मी ऐटीत एक गोल तळं काढलं. मामंजींनी कपाळावर हात मारला. "हे येलदरी हाय व्हय? हे तर परात दिसायलीय!" मग रोज दुपारी ते स्टुलावर आणि मी खुर्चीत. पूर्णा कुठं वळते, टेकडीचं टोक पाण्यात कुठवर घुसतं, भिंत कोणत्या अंगाला, सगळं ते बोटानं काचेवर दाखवायचे. न बघितलेलं धरण त्यांना पाठ होतं. लोकांना खोदून खोदून विचारत असणार, दुसरं काय! काचेवर तंबाखूच्या बोटांचे डाग पडायचे, मी पुसायचे, चिडायचे, पुन्हा काढायचे.

मग एका दुपारी आम्ही निघालो. भिंतीवरून आत शिरलो. मामंजींनी चपला काढून पाय स्टुलावर वर घेतले होते, जणू खरंच पाणी लागणार होतं. मी विमान खाली आणत होते तेवढ्यात ते ओरडले, "ए, ए! तिथं नको! मारुतीच्या देवळावर उतरायलीस!"

"अगं बाई! मग कुठं?"

"बाजूला घे. आमच्या मळ्यावर उतर."

मळा कुठं ते बोट सांगत होतं. मी वळले, आणि देवाशपथ सांगते, आयुष्यात इतकं अलगद विमान मी पुन्हा कधी उतरवलं नाही. इंजिन बंद केलं.  मला रडू येत होतं आणि हसूही, कारण सासूबाई दारात उभ्या राहून हात जोडत होत्या.

"सूनबाई," मामंजी हळू म्हणाले, "हे पाणी तू काढलंस. मग पुसताबी येत असंल."

येत होतं. नको म्हणायचं धाडस मला झालं नाही. मी तळं निवडलं आणि पुसून टाकलं. पडद्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नुसतं हिरवं सपाट उरलं, मध्ये आमचं विमान कोरड्यावर बसलेलं. मामंजी डोळे बारीक करून शोधत राहिले.

"गाव कुठं हाय?"

"मी गाव काढलंच नव्हतं, मामंजी. काढू का? घरं देता येतात."

त्यांनी मान हलवली. 

"नको. पाणी परत टाक," ते म्हणाले. "पाणी हाय तवर खाली गाव हाय असं तरी वाटतंय."

मी पाणी परत टाकलं.