वाळलेलं चंदन

गिरगावातल्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असलं, की बायकांच्या हातांना चंदन लावायला उर्मिला कधी पुढे होत नसे. वाटी नणंदेकडे सोपवून ती आत पन्हं ढवळत राही. लग्नानंतर थोड्याच वर्षांत सोरायसिसने तिचे हात धरले होते. तो लागत नाही कुणाला, हे ऑफिसात, शेजारीपाजारी सांगून ती थकली. मग तिने लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले आणि सांगणंच सोडलं.

आता ती हे सगळं विसरली होती. तिच्या नवऱ्याने, मनमोहनने, डॉक्टरांना विचारलं, "त्या सोरायसिसमुळेच का हो?"

"अंगात वर्षानुवर्षं दाह राहिला, तर स्मृतिभ्रंशाचा धोका थोडा वाढतो, असं काही अभ्यासांत दिसतं. सगळ्यांत नाही. यांचं त्यामुळेच झालं, असं नाही सांगता येणार."

रोज सकाळी मलम लावताना ती दचके. "अहो, माझ्या हातांना हे काय झालंय?" मनमोहन खरं तेच सांगे. बायकोशी तो कधी खोटं बोलला नव्हता. आणि ती, आजच कळल्यासारखी, रडत बसे. जुनं दुःख तिला रोज कोरं मिळत होतं.

यंदा नणंद लेकीकडे गेलेली. मनमोहन हळदीकुंकू टाळणार होता, पण शेजारच्या आनंदीबाई आंबेडाळ घेऊन आल्याच. "गौर बसवलीत आणि हळदीकुंकू नाही? काहीतरीच तुमचं."

बायका जमल्या, आणि उर्मिलेने सहज चंदनाची वाटी उचलली. पन्ह्याचे पेले घेऊन मनमोहन दारातच थबकला. आता कुणी हात मागे घेतला तर?

आनंदीबाईंनी दोन्ही हात तिच्या मांडीवर ठेवले. उर्मिला सावकाश चंदन माखत राहिली.

"अगं, कोपरापर्यंत? गणपती समजलीस की काय मला?" म्हणत त्यांनी वाटी ओढून घेतली आणि तिच्याही हातांना चंदन लावलं.

बायका गेल्यावर उर्मिला खिडकीशी हात न्याहाळत बसली. खपल्या सुटत होत्या. "अहो, हे काय झालंय?"

मनमोहनने गोळा केलेले पेले खाली ठेवले. "चंदन वाळलंय."

"कुणी लावलं?"

"आनंदीबाईंनी."

"माझ्या हातांना?" तिने हात नाकाशी नेले. रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत मनमोहन सहाण घेऊन चंदन उगाळायला बसला.