भावोजींच्या घड्याळाची डायल

२०२२ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि तांदळातला खडा अजूनही बायकोच्या आधी मीच वेचायचो. शाळेत गेलो चौथीपर्यंत. पुढे गेलो नाही, त्याचं वाईट वाटलं नाही. वालीवच्या एका कारखान्यात घड्याळांच्या जुन्या डायली नव्या करण्यात माझी उमर गेली. डाग पडलेली डायल यायची, तिचा रंग उतरवायचा, नवा चढवायचा, वर अक्षरं आणि रेघा काढायच्या. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण घड्याळावरचं अक्षर मी चित्र काढावं तसं काढायचो. बाकीचे कारागीर डायल चुन्याच्या भिंतीसारखी पांढरी करायचे. मी रंगात पिवळ्याचा थेंब टाकायचो, म्हणजे ती दुधावरच्या सायीसारखी दिसायची. शेठ कुरकुरायचा. मी ऐकलं नाही.

माझी मोठी बहीण भुईगावात दिलेली. तिला आम्ही सगळे बाय म्हणतो. तिचे यजमान, आमचे भावोजी, जहाजावर नोकरीला होते. तिकडूनच त्यांनी चावीचं एक स्विस घड्याळ आणलं होतं. माणूस दिलदार, पण मला कायम रंगारी म्हणायचे. जेवायला बसलो की मनगट वर करायचे आणि सांगायचे, बघ, कंपनीची डायल, हिला रंगाऱ्याचा हात लागलेला नाही. मी हात पुढे केला की मनगट मागे जायचं. तुझ्या नखात रंग असतो म्हणे. ते होते तोवर ते घड्याळ माझ्या हाती आलं नाही ते नाहीच.

ते गेल्यावर बाय रोज सकाळी प्रार्थना झाली की घड्याळाला चावी द्यायची. घालत कोणीच नव्हतं. भाच्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं. त्याला मुंबईचा एक जुन्या घड्याळांचा व्यापारी भेटला. डायल मूळची असेल तर घेतो, रंगवलेली असेल तर हातही लावणार नाही, असं तो म्हणाला. भाच्याने मला रविवारी जेवायला बोलावलं. "मामा, तुमचा शब्द शेवटचा," म्हणाला. हे मला आवडलं. नाही कशाला म्हणू?

बायला घड्याळ द्यायचं नव्हतं. लेकाला नको म्हणणं तिला जड जात होतं, एवढंच. आमच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, मिस्सा आटोपून मी गेलो, तर तिने मला तळलेल्या बोंबलांच्या निमित्ताने आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "रंगवलेली आहे म्हणून सांग."

मी ताठ झालो. म्हटलं, "बाय, माझ्याकडून दुसरं काही माग. डायलीबद्दल मी खोटं बोलणार नाही. आत्ताच देवळातून आलोय."

तिने ताटात दोन बोंबील जास्त वाढले आणि म्हणाली, "बरं. नीट बघ मात्र."

जेवणानंतर ओटीवर उजेडात बसलो. भिंग डोळ्याला लावलं. रंगवलेली डायल कुठे चुगली करते ते मला ठाऊक. अक्षरांच्या कडा सुजलेल्या असतात, आणि सेकंदकाट्याच्या छोट्या वर्तुळातल्या बारीक चरांत रंग भरून ते बुजलेले असतात. इथे अक्षर धारदार होतं. चर मोकळे होते. रंगही मुरलेला, सायीसारखा. मी मनात म्हटलं, भावोजी, जिंकलात. आणि बायचं तोंड आठवलं, कारण आता मलाच ते घड्याळ तिच्या घरातून बाहेर काढायचं होतं.

"काय मामा? मूळची ना?" भाच्याने फोन हातात घेतलेलाच होता.

हो म्हणणारच होतो. पण डायल उलटून बघितल्याशिवाय बोलायचं नाही ही माझी सवय, आणि माझी सवय मी कोणासाठी मोडत नाही. झाकण उघडलं, काटे उचलले, डायल सोडवून उलटी केली.

मागच्या पितळेवर, डायल घट्ट बसवणाऱ्या दोन बारीक पायांच्या मधोमध, टाचणीने ओरखडलेली एक मासळी होती. शेपटी जरा वर उचललेली.

ती मासळी माझी. शेठच्या नकळत मी माझ्या प्रत्येक डायलीच्या पाठीवर ती काढायचो. घड्याळवाल्यांकडून डायली पुडीत बांधून यायच्या, कोणाची कुठली ते आम्हाला कळायचं नाही. ही कधीतरी माझ्या हातून गेली होती आणि आज तिने मलाच फसवलं होतं. मी इतका हसलो की भिंग डोळ्यातून पडलं.

बाय दारात आली. "काय निघालं?"

"माझीच आहे," मी म्हटलं.

ती उंबऱ्यावरच बसली. पदर तोंडाला लावून हसता हसता तिने सगळं सांगितलं. भावोजी एकदा विहिरीत पडलेली बादली काढायला घड्याळासकट उतरले होते. पाणी आत गेलं, डायल डागाळली. घड्याळवाल्याने ती वालीवला पाठवून नवी करून आणली. वालीव हे नाव ऐकल्यावर भावोजींनी बायला रोझरीच्या माळेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की हे तुझ्या भावाला आणि घरात कोणालाही कळता कामा नये. नाहीतर तो जन्मभर मला जगू देणार नाही, म्हणाले.

"मी सांगायचं नाही असं ठरलं होतं," बाय म्हणाली. "तू ओळखायचं नाही असं नव्हतं ठरलं. मी तुला खरं बोल म्हणत होते, तर तू मलाच देऊळ शिकवतोस."

म्हणजे इतकी वर्षं भावोजी माझ्याच पानासमोर बसून मला माझ्याच कामाची तारीफ ऐकवत होते. ठाऊक असून. असा मेहुणा पुन्हा मिळायचा नाही.

भाच्याने तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावून नाही म्हणून कळवलं. मी डायल बसवली, काटे लावले. मग भाचा म्हणाला, आता हे घालणार कोण? बायने मनगट पुढे केलं. तिच्याच लेकाने पट्टा बांधला. शेवटच्या भोकातही तो सैल राहिला, हात वर केला की घड्याळ कोपरापर्यंत घसरत जायचं. ते बघून ती पोरीसारखी पुन्हा पुन्हा हात वर करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता मी दाभण खिशात टाकलं, घरून सायकल काढली, भुईगावला गेलो आणि पट्ट्याला आणखी एक भोक पाडून दिलं.