खाली माऊस न्यायचा नाही

मगदूम सरांची नोकरीतली शेवटची वर्षं मी नासवली. चूक झाली म्हणून सुटता आलं असतं, पण ती चूक नव्हती... मी ठरवून केलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलीचा, विद्याताईंचा फोन आला, "अण्णा गेले," आणि मला आधी आठवले ते त्यांनी फाडलेले माझे कागद.

नव्वदच्या सुमाराला सर दिवसा एका दूध संस्थेत मुख्य टंकलेखक होते आणि सकाळी मंगळवार पेठेत टायपिंगचा क्लास चालवायचे. मी मुरगूडहून पहिल्या एसटीनं यायचो. त्यांचा नियम एकच. पानात एक चूक सापडली की कागद फाडायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी शेवटच्या ओळीवर आलो की ते मागं येऊन उभे राहायचे आणि माझं बोट चुकायचंच. "मुरगूडचं पावणं, बोटं हायत का मुसळं?" सगळा क्लास हसायचा. ते हसू आठवलं की आजही कानशिलं तापतात. स्वच्छ पान निघत नाही म्हणून त्यांनी माझा परीक्षेचा फॉर्मच पाठवला नाही. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी ठरवलं, या माणसाला एकदा तरी पहिल्यापासून करायला लावायचं.

सात-आठ वर्षांनी ती वेळ आली. कॉम्प्युटर शिकून मी त्याच दूध संस्थेत लागलो. टाइपरायटर गेले आणि सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. बाकीच्यांना मी नीट सांगितलं : विंडो मिनिमाईज केली की पडद्यावरून जाते, पण बंद होत नाही. तळाच्या पट्टीवर तिचं नाव दिसतं, तिथं क्लिक केलं की जशीच्या तशी वर येते. सरांना मी फक्त घालवायचं बटण दाखवलं. त्यांच्या मशीनवरची पट्टी लपवून ठेवली आणि बजावलं, "खाली माऊस न्यायचा नाही. मशीन बिघडतं." शिकवणाऱ्याचा शब्द मोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

मग ते पत्र अर्धं टाइप करायचे, पत्ता बघायला यादी उघडायची म्हणून बटण दाबायचे आणि परत येऊन बघतात तर पत्र गायब. "मास्तर, पत्र गेलं की ओ!" मला मास्तर म्हणायचे. मी जागचा न हलता सांगायचो, "पुन्हा पहिल्यापासून, सर." हे तीन शब्द बोलताना जिभेवर गूळ ठेवल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू...

एक दिवस वार्षिक सभेची नोटीस छापायला जायची होती. संध्याकाळपर्यंत ती सरांच्या हातून निघाली नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मगदूम, तुम्हाला आता जमायचं न्हाय. उद्यापासनं आवक-जावक बघा." सरांनी चष्मा पुसला, डबा उचलला आणि गेले. त्यांचं मशीन बंद करायला मी बसलो आणि माऊस खाली नेला. पट्टी वर आली. तिच्यावर अकरा विंडो ओळीनं उभ्या होत्या. एकेक उघडली. अकरा वेळा तीच नोटीस, अर्ध्यावर थांबलेली... आणि एकीतही चूक नव्हती. मी सगळ्या बंद केल्या. मशीननं अकरा वेळा विचारलं, सेव्ह करायचं का? अकरा वेळा मी नाही म्हटलं.

निवृत्त होईपर्यंत सर आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारत बसले. जाता-येता "काय मास्तर" म्हणायचे. खरं काय ते मी सांगितलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेलो. चहा देताना विद्याताई म्हणाल्या, "अण्णांनी घरी कॉम्प्युटर घेतलेला. नातीवर ओरडायचे, खाली माऊस न्हेऊ नको. तिनं हसत पट्टी वर काढून दाखवली, तसा त्यांनी सोता माऊस खाली न्हेऊन बघितला. मग म्हणाले, पोरानं माझाच धडा पाठ केला हुता की. कुठलं पोर, ते काय सांगितलं न्हाय."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कोपऱ्यात त्यांचा जुना टाइपरायटर होता. मी विचारलं, "वापरू का?" विद्याताईंनी रेक्झिनचं कव्हर काढून कागद आणून दिले. मला चारच ओळी टाइप करायच्या होत्या. तिसऱ्या ओळीत बोट चुकलं. मागं कुणी उभं नव्हतं... तरी मी कागद ओढून काढला, फाडला आणि दुसरा लावला. पुन्हा पहिल्यापासून. पाचवा कागद स्वच्छ निघाला. तो विद्याताईंच्या हातात दिला आणि त्या वाचेपर्यंत समोर उभा राहिलो.

"सर, तुमची एकही नोटीस गेली नव्हती. सगळ्या खाली पट्टीवर होत्या. पट्टी मी मुद्दाम लपवली होती. मला माफ करा."