मधली खिडकी

परवेज टेप घेऊन आला तेव्हा सारजाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यानं घराच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. भिंतीची लांबी, खिडक्यांची रुंदी, छपराचा उतार, एकेक मोजत आणि मोबाइलमध्ये लिहीत तो अलीकडं सरकत होता. मधल्या खिडकीशी येऊन त्यानं टेपचं टोक चौकटीच्या डाव्या कडेला लावलं आणि उजवी कड गाठायला पाऊल उचललं.

"तिथवरच," सारजाबाई म्हणाल्या. "हिकडलं माझं हाय."

ओतूरच्या अलीकडं, आमच्या मळ्यात, रस्त्याकडं तोंड करून हे घर उभं आहे. सारजाबाईंच्या सासऱ्यांनी ते एक घर म्हणूनच बांधलं होतं. वीस वर्षांपूर्वी थोरले हौशीराम आणि धाकटे गेणभाऊ या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, पंचांनी आढ्यापासून पायापर्यंत दोरी धरली, आणि दोरी बरोबर मधल्या खिडकीवर आली. पंच म्हणाले, बुजवून टाका. दोन्ही जावा नाही म्हणाल्या. दारं घराच्या दोन टोकांना, पुढच्या खोलीत उजेड यायचा तो या खिडकीतूनच. शेवटी जुन्नरहून निजाम सुताराला बोलावलं. त्यानं चौकटीत मधोमध एक सागवानी खांब उभा केला, खांबामागं भिंत उठली, आणि खिडकीची एकेक झडप एकेका जावेच्या वाट्याला गेली. तेव्हापासून दर दिवाळीला थोरल्या सारजाबाई आपली अर्धी चौकट निळी रंगवत आणि धाकट्या सखूबाई आपली अर्धी हिरवी.

परवेज हा त्याच निजामभाईंचा मुलगा. तो लाकडाला हात लावत नाही, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो. त्या दिवशी त्यानं टेप गुंडाळली.

सारजाबाई कळंबच्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी या घराचा पाया पडला. भिंती उठत होत्या तसं त्यांनी विहिरीवरून हंडे आणून भिंतींना पाणी मारलं, सकाळ-संध्याकाळ, पोटात सार्थक असतानाही. चार वर्षांनी सखूबाई आल्या त्या तयार घरात. लग्नात फोटोग्राफर होता. नव्या नवरीला त्यानं याच खिडकीपाशी बसवून फोटो काढला. सारजाबाईंच्या लग्नाचा एकही फोटो नाही. सखूबाईंच्या लग्नादिवशी त्या आत पंगतीचं वाढत होत्या, आणि फोटोत झडपेच्या आडून त्यांचा एक हात तेवढा आलाय, वरणाच्या पळीसकट.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सखूबाईंच्या म्हशीला पारड्या होत, सारजाबाईंच्या म्हशीला रेडे. सखूबाईंचे केस अजून काळे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन गेल्या की अनोळखी माणसंसुद्धा त्यांच्याशी आपण होऊन बोलत. सारजाबाई यातलं काही कुणाला बोलून दाखवत नाहीत. त्यांना ते नुसतं पाठ आहे, जशा आपल्याला रोजच्या विहिरीच्या पायऱ्या पाठ असतात.

सखूबाईंची आरती पुण्याला नोकरी करते. घराचं एलिव्हेशन करायचं तिनंच काढलं. समोरच्या भिंतीला दगडी टाईल, वर कौलांच्या जागी विटकरी रंगाचा पत्रा, आणि सरकत्या खिडक्या. संक्रांतीला आली तेव्हा मोबाइलवर चित्र घेऊन ती घरोघर हिंडली. सारजाबाईंपुढंही धरलं. चित्रात सखूबाईंचं अर्धं घर बंगल्यासारखं दिसत होतं. मधल्या खिडकीशी येऊन ते संपत होतं. त्याच्या पुढं, जिथं सारजाबाईंची खाट आहे, देव्हारा आहे, चूल आहे, तिथं हिरवळ होती आणि एक नारळाचं झाड.

सारजाबाईंनी बराच वेळ पाहिलं. चांगलं हाय म्हणाल्या. मग विचारलं, झाड कुणी लावलं. आरती हसली आणि म्हणाली, ते कॉम्प्युटर आपलं आपण टाकतो, मोठी आई.

त्याच संध्याकाळी त्यांनी भोसरीला सार्थकला फोन लावला. सरळ विचारलं नाही. आधी नातवाच्या खोकल्याचं विचारलं, मग थंडीचं, मग म्हणाल्या की सखू घराला टाईल लावतीय. सार्थक म्हणाला, लावू दे की. मग म्हणाला, तिथं आता राहायला कोण येणारे, आई? फुटकी कौलं बदलून घ्या, बास झालं. हौशीरामांनी विचारलं तेव्हा सारजाबाईंनी सांगितलं की रेंज नव्हती, काही ऐकू आलं नाही.

काम चैत्रात सुरू झालं. गेणभाऊंनी खिडकीचा विषय आधी भावाकडं काढला होता. हौशीराम म्हणाले, माझं काही नाही, तिला विचारा. वहिनीला विचारायचा धीर गेणभाऊंना कधीच झाला नाही, म्हणून मापं घेऊन गेलेला परवेजच पुन्हा आला. त्यानं नीट समजावून सांगितलं. चौकट एक आहे, खांब एक आहे. अर्धी काढायची तर खांब उभा चिरावा लागेल, आणि एवढ्या जुन्या सागाचं काही सांगता येत नाही. त्यापेक्षा अख्खी काढू आणि दोन्हीकडं सारख्या सरकत्या खिडक्या बसवू.

"तुमच्या बाजूची सखूकाकूंनी त्यांच्या खर्चातच धरलीय, मावशी. तुमाला कायच द्यायचं न्हाई."

"मी मागितली व्हती?" सारजाबाई म्हणाल्या.

 परवेजला वाटलं होतं, फुकट म्हटल्यावर काम सोपं होईल.

मग टाईल पलीकडच्या कोपऱ्यापासून चढत चढत आली आणि मधली खिडकी यायच्या एक हात आधी थांबली. पत्रा चढला. कौलं आणि पत्रा मिळतात तिथं परवेजनं पट्टी ठोकली. बाकीच्या खिडक्यांत पांढऱ्या चौकटी आल्या, काचा आल्या, आतून बाहेरचं दिसेल आणि बाहेरून आतलं दिसणार नाही अशा. फक्त मधली खिडकी राहिली, अर्धी हिरवी, अर्धी निळी. रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. टोमॅटो तोडायला निघालेल्या बायकांची जीप एकदा मुद्दाम हळू झाली, आणि आतून मळ्यातल्या जानकूची बायको म्हणाली, "नवरी नटली गं, करवली तशीच राह्यली." जीपभर हसू झालं. सारजाबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी सुपातलं धान्य दोनदा पाखडलं.

आठ दिवस काम अडून राहिलं. नवव्या दिवशी दुपारी सखूबाई स्वतः आल्या. वाटण्या झाल्यापासून सणासुदीशिवाय त्या या उंबऱ्याच्या आत आलेल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहिल्या.

"आक्का, मी भांडायला नाय आले."

"मग बस."

सखूबाई बसल्या. पुढच्या महिन्यात आरतीला पूजा घालायचीय, खिडकीपाशी सगळं अडलंय, हे त्यांनी सांगितलं. दोन्हीकडं सारखी खिडकी बसली तर तुमालाच उजेड जास्त येईल, असंही म्हणाल्या. सारजाबाई तांदळातले खडे वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"करायचं तर सगळं घर करायचं व्हतं. निम्म्या घराला कोन तोंड करतं?"

"केलं असतं," सखूबाई म्हणाल्या. "आरतीनं पयलं त्येच इचारलं व्हतं. मीच नको म्हनले."

आता सारजाबाईंनी वर पाहिलं.

"का?"

"तुमी करू दिलं असतं? लोकं म्हनली असती, सखूच्या लेकीनं सारजाचं घर केलं. तुमाला घास गेला नसता, आक्का."

 शब्द न् शब्द खरा होता. सखू उजळ आहे, तिची लेक गुणी आहे, हे सगळं सारजाबाईंनी इतकी वर्षं सोसलं होतं. पण आपल्या मनातलं तिला इतकं नेमकं माहीत असावं, हे त्यांना सोसेना. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"खिडकी ने. अख्खी ने. माझ्या बाजूला इटा लावाय सांग."

"आंधार व्हईल की हो."

"माझा आंधार हाय. माझा मी बघीन."

हौशीराम म्हणाले, एकदा विचार कर. परवेजही म्हणाला की मावशी, राग आलाय तर चार दिवस थांबू. सारजाबाईंनी त्यालाच विचारलं की विटा किती लागतील. दुसऱ्या दिवशी पहारीनं चौकट निघाली. निळी झडप आणि हिरवी झडप एकाच टेम्पोत पडून गेल्या. संध्याकाळपर्यंत सारजाबाईंच्या बाजूला विटा चढल्या, त्यावर सिमेंटचा गिलावा झाला, आणि पलीकडं पांढरी चौकट बसली.

पुढची खोली अंधारली ती अशी, की भर दुपारी दिवा लावावा लागे. हौशीरामांनी खाट बाहेर ओट्यावर आणली. धान्य निवडायला, सुईत दोरा ओवायला सारजाबाईंनाही बाहेर येऊन बसावं लागे, आणि ओट्यावर बसलं की शेजारची भिंत नजरेच्या टप्प्यातच. ऊन वर येई तशी टाईल रंग पालटे. सकाळी राखी, दुपारी मधासारखी. पत्र्याची विटकरी कड आभाळात रेघ मारल्यासारखी सरळ. रोज पाहून पाहून सारजाबाईंना एक टाईल सापडली, पन्हाळीच्या पाइपाजवळची, जी इतरांपेक्षा सुताएवढी वाकडी होती. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. डोळे पलीकडं वळले की त्या आधी तिलाच शोधत.

पूजेला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गुडघा दुखतो, असं सांगायचं. पण न गेल्यावर मळाभर त्याचीच चर्चा झाली असती, म्हणून भावानं दिलेलं जांभळं लुगडं नेसून त्या गेल्या. आल्यागेल्याचं कौतुक चाललेलं होतं. ओतूरहून आलेली एक पाहुणी आरतीला म्हणत होती की गावात असलं घर बघितलं नाही. सारजाबाईंनी प्रसाद घेतला, आणि पंख्याखाली बसायचं म्हणून पुढच्या खोलीत गेल्या. खोली उजेडानं भरलेली होती.

सखूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन मागून आल्या. "सरकवून तरी बघा," म्हणाल्या.

सारजाबाईंनी एक बोट लावलं. काच सरकली. बोटाला काही कळलंच नाही. बाहेर रस्ता होता, रस्त्यापलीकडं टोमॅटोच्या काठ्या, त्यांच्यामागं उसाची हिरवी कड. इतकी वर्षं त्यांनी आपल्या झडपेतून हेच पाहिलं होतं. इथून ते सगळं हातभर डावीकडं सरकलेलं दिसत होतं. त्यांनी काच बंद केली. पुन्हा उघडली. मागं बायकांची रांग खोळंबली होती, तरी त्यांनी ती पुन्हा बंद केली आणि तिसऱ्यांदा उघडली, या वेळी सावकाश, पार टोकापर्यंत.

"कशी हाय?" सखूबाईंनी विचारलं.

सारजाबाईंनी खिडकीकडं पाहिलं, मग जावेकडं.

"आवाज करती," त्या म्हणाल्या.

खिडकीनं एकदाही आवाज केला नव्हता. दारातून आरती काही बोलायला पुढं झाली, पण सखूबाईंनी तिच्याकडं नुसतं पाहिलं आणि ती थांबली. सखूबाईंनी ताट एका हातावर तोललं आणि सारजाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं.

"सांगते परवेजला," त्या म्हणाल्या. "तेल सोड म्हनून."

"लवकर सांग," सारजाबाई म्हणाल्या, आणि काचेवरचं बोट त्यांनी काढलं नाही.